रोसिलीची सात वर्षं

रोसिली नर्स होती, यात सांगण्यासारखं काही नाही. केरळातल्या मीनच्चिल नदीच्या काठच्या गावांत नर्स नसलेलं घर शोधावं लागतं. सांगण्यासारखं आहे ते हे, की चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार घोषणा वाचतात, त्यातल्या तिच्या दोन वाचून झाल्यावर तिसरी होऊ नये म्हणून हरकत घेतली गेली, आणि ती घेणारी ती स्वतःच होती.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची. डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या गावी एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी. पगार असा, की तिच्या वडिलांच्या रबराच्या झाडांना पहाटे खाच मारून चीक काढणारा कुट्टप्पन महिन्याला तिच्यापेक्षा जास्त न्यायचा. त्याला तिची दया यायची. "मोळे, पोरी, सोड ती इंजेक्शनं," तो म्हणायचा, "ये, तुला सुरी धरायला शिकवतो."

ती हसून सोडून द्यायची. पण एका वर्षी तिच्या वॉर्डात नुकतीच डिग्री घेऊन आलेली एक पोरगी इन-चार्ज म्हणून वर बसवली. पोरगी गुणी होती, कामाला चोख होती, आणि तेच जास्त झोंबलं, कारण तिला नावं ठेवायची सोय नव्हती. त्या दिवशी रोसिली घरी आली ती ठरवूनच. डिप्लोमावाल्यांसाठी दोन वर्षांची डिग्री असते, ती करायची.

वडील कुरुविळा, तिचे अप्पच्चन, ओसरीवर रबराचे शीट मोजत बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना एकरी उत्पन्नात कळायची.

"दोन वर्षांची फी," ते म्हणाले. "दोन वर्षांचा बुडालेला पगार. वर व्याज. आणि डिग्री घेऊन आलीस की इथे किती वाढवून देतील?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"कुट्टप्पनच्या बरोबरीला येईन."

अप्पच्चननी हातातला शीट ढिगावर टाकला. "त्यापेक्षा मी खालच्या तुकड्यात रंबुतान लावतो. चौथ्या वर्षी फळ. आणि ते होस्टेलला राहत नाही."

हिशेब चुकीचा नव्हता. हे नीट समजून घ्या, कारण अशा गोष्टींत बाप नेहमी मूर्ख दाखवतात. आमच्याकडे नर्सिंगच्या डिग्रीचे पैसे वसूल होतात ते परदेशी गेल्यावरच, आणि परदेशी जायचं तर परीक्षा, एजंट, विमान, पुन्हा पैसे. ते पाण्यात घालायला कुरुविळांकडे नव्हते. रोसिलीलाही हे ठाऊक होतं. तरीही डिग्री हवी होती. का, म्हणून आई थ्रेस्याम्माने विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अम्मची, उरलेली तीस वर्षं मला उभ्याने हुकूम घ्यायचे नाहीत."

मग लग्न जमवणारा कुंजच्चन आला. असल्या घरांचा वास त्याला लांबून येतो. त्याच्या पिशवीत जिन्सन नावाचा मुलगा होता. एसी दुरुस्तीचं शिकलेला आणि गेली सहा वर्षं आयर्लंडला निघालेला. नर्स बायको मिळाली तर तिच्यामागे व्हिसावर जाता येतं, म्हणून थांबलेला.

"हुंडा नको," कुंजच्चन म्हणाला. "उलट डिग्रीची फी तेच भरणार. कुरुविळाचेट्टा, असं स्थळ तुमच्या पुढच्या अंगणात चालत आलंय, आणि तुम्ही त्याला चहासुद्धा विचारत नाही."

चहा विचारला गेला. वडिलांचे पैसे वाचले, मुलीला डिग्री मिळाली, जिन्सनला आयर्लंड. सगळ्यांचंच भलं. रोसिलीलाही ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगा दिसायला बरा होता, आणि तिच्याशी बोलताना घाबरत होता, ते तिला आवडलं. चर्चमध्ये वाङ्‌निश्चय झाला, आणि पुढच्या रविवारी फादर औसेफनी पहिली घोषणा वाचली: कुणाला काही हरकत ठाऊक असल्यास कळवावी.

त्याच आठवड्यात शेजारच्या चाक्कोने आपली रबराची बाग कडुंवेट्टला, म्हणजे शेवटच्या ओरबाडणीला, दिली. रबराचं झाड म्हातारं झालं की तोडायच्या आधी ते ठेकेदाराला देतात. ठेकेदार बुंध्यापासून हात पोचेल तिथवर जागोजाग खाचा मारतो, पावसाचे दिवस बघत नाही, झाडाला विसावा देत नाही. दोन वर्षांत शेवटचा थेंब ओरबाडून नेतो, आणि मग कुऱ्हाड. म्हाताऱ्या झाडाचं ठीक आहे. पण चाक्कोची झाडं भरात होती, त्याला फक्त रोख हवी होती. कुरुविळा रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून चडफडायचे. "अजून पंधरा वर्षं दिलं असतं त्यांनी. हात कसा धजला याचा?"

शनिवारी जिन्सनची आई क्लारम्मा केळ्याचे वेफर घेऊन आली. पोळपाटाएवढा चेहरा, आणि बोलणं मधात घोळलेलं.

"तिकडे गेल्यावर पगार जिन्सनच्या खात्यात जाईल," ती म्हणाली. "आमची फी वसूल होईपर्यंत. मग घराचा वरचा मजला. मग आमच्या धाकटीचं नर्सिंग. तोवर मूलबाळ नको. घाई काय आहे?"

"घाई नाहीच," थ्रेस्याम्मा म्हणाली.

"तिकडे म्हणे नर्सा सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे ड्यूटी करतात." क्लारम्माने रोसिलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही करेल. दणकट आहे."

अप्पच्चननी आणखी एक वेफर उचलला. त्यांच्या मते पैसे घालणाऱ्याने पीक मागितलं, यात वावगं काय?

दुसऱ्या दिवशी दुसरी घोषणा झाली. दुपारी कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि कोडंपुळीच्या आंबटातलं माशाचं कालवण समोर ठेवून सगळे जेवायला बसले. कुंपणापलीकडून ठेकेदाराच्या माणसांचा आवाज येत होता. अप्पच्चन पुन्हा चाक्कोवर घसरले.

"रविवारीसुद्धा सोडत नाहीत. भरातलं झाड कुणी कडुंवेट्टला देतं?"

"तुम्ही देताय," रोसिली म्हणाली.

"मी? माझी झाडं तर..."

"झाडांचं नाही म्हणत. ठेकेदार काल येऊन वेफर देऊन गेली. किती खाचा मारायच्या तेही सांगून गेली."

थ्रेस्याम्मा म्हणाली, "जेवताना काय बोलतेस गं," आणि कालवणाचं भांडं नवऱ्यापुढे सरकवलं. अप्पच्चन उठले, हात धुतले आणि बाहेर निघून गेले.

सोमवारी ड्यूटीवरून परतताना रोसिली चर्चच्या कचेरीत गेली. फादर औसेफ पेरुन्नाळच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, मंडपवाल्याशी भाव करत होते. मंडपवाला जाईपर्यंत ती थांबली.

"लग्नाला हरकत आहे."

"कुणाची?"

"माझी."

फादरनी चष्मा काढला. "नवरीने हरकत घ्यायची नसते, मोळे. हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं..."

"माझी संमती नाही. याहून मोठी हरकत कुठली?"

"वाङ्‌निश्चयाला तर हो म्हणालीस."

"तेव्हा अटी ठाऊक नव्हत्या."

"वडील काय म्हणतात?"

"लग्न त्यांचं नाहीये, फादर."

फादरनी तासभर समजावलं, मग थकले. तिसऱ्या रविवारी तिचं नाव वाचलं गेलं नाही. सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. थ्रेस्याम्माने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. रोसिली ताठ बसून होती, आणि शेवटचं गाणं तिने रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. पायऱ्यांवर क्लारम्माने गाठलंच.

"घे आता डिग्री. बघू कोण पैसे देतंय."

"बँक," रोसिली म्हणाली. "तिला वरचा मजला बांधायचा नसतो."

तोंड चाललं, पण अडचण खरी होती. बँकेला वडिलांची सही लागत होती, आणि अप्पच्चन तिच्याशी बोलत नव्हते. ते तिने केलेला चहा पीत, आणि कप तिच्याकडे न बघता खाली ठेवत. कॉलेजात पैसे भरायची तारीख जवळ येत होती. तिने एकदाही विनवलं नाही. बँकेचे कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवले, आणि ते रोज सकाळी कागद बाजूला सारून चष्मा उचलत.

शेवटी एके दिवशी त्यांनीच तिला मागच्या तुकड्यात हाक मारली. तिथे गेल्या वर्षी लावलेली रबराची रोपं तिच्या कमरेएवढी झाली होती. ते वाकून तण उपटत होते.

"किती वर्षं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोन शिकायची. पाच फेडायची."

"सात."

"सात. रबराला किती लागतात खाच मारायच्या आधी?"

त्यांनी तणाची आणखी एक जुडी उपटली.

"सात वर्षं शेणखत घालता, तण काढता, एक थेंब देत नाही ते. त्याला कधी विचारलंत, परवडतोस का म्हणून?"

"रबर उलट बोलत नाही."

"म्हणून तर त्याला ठेकेदार नेतो."

अप्पच्चन कमरेवर हात ठेवून सरळ झाले. चाक्कोच्या बाजूला पाहिलं. तिथे बुंध्यांवर नुसत्या खाचा होत्या, आणि पानं अवेळी झडत होती. "तुझ्या जिभेचंही काहीतरी उत्पन्न यायला हवं होतं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं मुंडू नेसून ते बँकेत गेले आणि दाखवतील तिथे सही करत गेले. एका ठिकाणी थांबून त्यांनी साहेबांना विचारलं, "पगार कुणाच्या खात्यात येणार?" साहेब म्हणाले, "मुलीच्या." मग तिथेही सही केली.

पुढचं थोडक्यात. जिन्सन दुसऱ्या एका नर्सच्या मागे आयर्लंडला गेला. सुखी आहे म्हणतात, असू दे. रोसिलीने डिग्री घेतली आणि परत आली, तोवर कुट्टप्पनची मजुरी वाढली होती, त्यामुळे ती पुन्हा त्याच्या मागेच. त्याने पुन्हा सुरी देऊ केली. मग ती एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. कर्ज फिटायला सातऐवजी आठ वर्षं लागली. अम्मचीच्या आजारपणात हप्ते थकले होते. ते फिटलं त्या दिवशी अप्पच्चन म्हणाले, "रबर एवढा उशीर करत नाही." आणि मागच्या तुकड्यातल्या त्या रोपांचा एक चांगला शीट तिला दाखवायला घेऊन आले.

अजूनही प्रवेशाच्या दिवसांत बाप लोक मुलींना घेऊन तिच्या टेबलाशी येतात. फी ऐकतात, घाम पुसतात आणि विचारतात, "टीचर, डिग्री परवडते का हो?"

ती बापाकडे बघतच नाही. मुलीला खुर्ची देते आणि तिला विचारते, "फी कोण भरतंय, ते आधी सांग."