पाव्हणे धान्याच्या खोलीत

आमच्या घरात उंदराला उंदीर म्हणत नाहीत. नाव घेऊन त्याच्याविरुद्ध बेत केला की त्याला कळतं आणि तो मुद्दाम नवे कपडे कुरतडतो, असं माझ्या सासरचं म्हणणं. मी मेहकरला शाळेत मॅडम आहे, विज्ञान शिकवते, त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (एकदाच नाव घेतलं होतं. पैठणीचा पदर गेला.) तेव्हापासून मीही त्याला ‘पाव्हणा’ म्हणते.

यंदा सोयाबीन निघाली, थंडी पडली आणि शिवारातला एक पाव्हणा थेट आमच्या धान्याच्या खोलीत मुक्कामाला आला. मी मोरीला जाळी बसवली, खिडकीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. मग कळलं, तो आतच होता! आता बिचाऱ्याला जायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

त्याच रविवारी लोणारहून आमच्या वैशूला बघायला मंडळी यायची होती. मुलगा तिला आधीपासूनच पसंत, दोघं कॉलेजात बरोबर होते. “आई, आज काही भानगड नको करू वं,” असं ती सकाळपासून तीनदा म्हणाली. चहाच्या वेळी पाव्हणा बैठकीत निघाला, तर पोरीचं कसं व्हायचं?

पण सगळं सुरळीत चाललं. मुलाच्या वडिलांनी पोहे दोनदा घेतले आणि ते हात धुवायला मागे गेले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. इतक्यात आमचे हे दारात येऊन कुजबुजले, “अवं, पाव्हणे धान्याच्या खोलीत शिरले!”

पाव्हणे? काल तर एकच होता! (यांनी आदरार्थी बहुवचन वापरलंय, हे मला कसं कळावं? घरात कधी कोणाला वापरलं होतं?) मेल्यानं जोडीदार बोलावून घेतला, या विचारानं माझं डोकंच फिरलं. धावत जाऊन दार ओढलं, कडी घातली आणि खालच्या फटीत ओलं गोणपाट कोंबलं.

“अवं, काय करून राह्यली तू?” हे किंचाळले.

“चूप बसा तुम्ही! दोघंही सापडले. राहू द्या आता उपाशी! फुकटचं खाऊन खाऊन माजले मेले!”

बैठकीत मुलाच्या आईचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. आतून टकटक ऐकू आली. उंदीर दार वाजवत नाही, एवढं विज्ञान मला तेव्हा आठवलं.

“बाई,” आतून केविलवाणा आवाज आला, “म्या दोनदाच घेतले वो पोहे!”

वैशूनं मला बाजूला सारून कडी काढली. मोरी समजून ते शेजारच्या दारात शिरले होते. डोक्यावर जळमट, हात अजून खरकटेच! वैशू रडकुंडीला आली. मी हात जोडून पाव्हण्याची सगळी कुळकथा सांगितली. मुलाचे वडील नुसतेच डोक्यावरचं जळमट झटकत राहिले. माझ्या हातानं मी पोरीचं लग्न मोडलं, असं वाटून मलाही रडू फुटलं.

तेवढ्यात मुलाची आई पदर तोंडाला लावून हसू लागली. “अवो विहीणबाई, काऊन रडता? आमच्या घरीबी त्याचं नाव नाही घेत!”

विहीणबाई! म्हणजे जमलं! वैशूनं माझा हात घट्ट धरला.

“मग तुम्ही काय म्हणता त्याले?” मी डोळे पुसत विचारलं. त्यांनी एकदम घाईनं विषय बदलला.

महिन्यानं साखरपुड्याला लोणारला गेलो. मी अंगणात चपला काढत होते, तोच स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडलं, “मॅडम आल्या वो! लाडूचा डबा झाका पयले!”

विहीणबाई धावत बाहेर आल्या. “तुमाले नाही वो म्हटलं! आमच्या घरात उंदराले मॅडम म्हणतात!”

खुलासा मी तिथल्या तिथे मान्य केला. लाडूचा डबा मात्र मी निघेपर्यंत झाकलेलाच होता.