मासे खाणारी मेंढरं

लढाईच्या दिवसांत घोंगड्यांना मागणी फार, म्हणून माझ्या सासऱ्यांनी घाटावरून उतरलेल्या धनगरांकडून आठ-दहा मेंढरं घेतली. पोशीर या आमच्या घाटाखालच्या गावात पिढ्या भातशेतीत गेलेल्या. मेंढराचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, एवढंच काय ते माहीत. पण सासऱ्यांना कुणी शिकवायची सोय नव्हती. त्यांना सगळं येत असे.

पावसाळा सरला. डोंगर हिरवागार, मेंढरं दिवसभर चरत, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मग ती भलतंसलतं खायला लागली. एकमेकांची लोकर ओढून चघळत. मारुतीच्या देवळाचा चुना चाटून भिंत उघडी पाडली. पुजारी म्हणाला, "भाविक जनावरं हायेत." सासरे शेतातून येऊन घामेजल्या अंगानं ओट्यावर टेकले, की एखादी मागून येऊन त्यांचं टक्कल चाटायची.

गावच्या भगतानं घुमून सांगितलं, देवीला बोकड पायजे.

सासूबाई म्हणाल्या, "मेंढरं वाळली, तर बोकडानं का मरावं रं? रस्सा देवीला पायजे का तुला?"

देवी तत्काळ भगताच्या अंगातून उतरली.

एक दिवस सासूबाईंनी अंगणात खारवलेली मासळी उन्हात घातली होती. मेंढरं डोंगरावरून आली ती थेट तिच्यावर तुटून पडली. डोकी, काटे, सगळं कडाकडा चावत होती. मी सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आत्याबाई, मेंढरं मासं खातात!"

सगळी आळी जमली. शेजारचे माळकरी काका कपाळ बडवून म्हणाले, "बाटली, बाटली मेंढरं!"

चारचौघांत हसू होतंय म्हटल्यावर सासरे छाती काढून म्हणाले, "मीच घालाया सांगितली. औषध हाय त्ये."

"मंग रोज घाला," सासूबाई म्हणाल्या.

बोललेला शब्द गिळता येईना. सासरे रोज सगळ्यांदेखत खडेमीठ नि कुटलेली मासळी फळीवर मांडू लागले. आणि मेंढरं खरंच सुधारली! लोकर चघळणं थांबलं, अंग भरलं.

पुढं गुरांच्या डॉक्टरानं समजावलं, की इथल्या पावसात डोंगराच्या मातीतले क्षार वाहून जातात; गवत दिसतं भरघोस, पण त्यात मीठ नाही नि हाडांना लागणारं सत्त्वही नाही.

"मी येगळं काय म्हनत व्हतो?" सासरे म्हणाले.

सासूबाई घरात खो खो हसत होत्या. त्या वर्षी आम्हाला मात्र नुसत्या कुळथाच्या पिठल्यावर भागवावं लागलं.