वाळवंटातली मागायची राहिलेली सकाळ

थंडीत गाडीनं राजस्थान करायचंय, रस्ते कसे आहेत, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. ऐंशीच्या दशकात आम्ही पौडहून जीपनं जैसलमेरपर्यंत गेलो होतो, हे मी कुठंतरी बोलून बसलो, त्याचा हा परिणाम. तेव्हाच्या रस्त्यांची माहिती आता कुणाच्या उपयोगाची नाही. तरी लिहितो, कारण त्या प्रवासात मी केलेली चूक आजही कुणाच्याही हातून होऊ शकते.

जायचं ठरलं ते दाजींमुळं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मुळशीच्या जंगलात ते गार्ड होते. जन्म सगळा झाडीत गेला, आणि वेड लागलेलं माळढोकाचं. हा पक्षी गवताच्या मोकळ्या माळावर राहतो, आमच्या घाटात चुकूनही फिरकत नाही. नोकरीच्या सुरुवातीला ट्रेनिंगमध्ये त्याचं चित्र बघितलं, तेव्हापासून दाजींच्या डोक्यात तो बसला तो बसलाच. सोलापूरकडं दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा हात हलवत परत. कुणीतरी सांगितलं की जैसलमेरला नवं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान झालंय, तिथं हमखास दिसतो.

त्या दिवाळीत पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाजींना सांगितलं की नजर कडेकडेनं जात चाललीय आणि ती थांबवता येणार नाही. दिवेलागणीनंतर तर त्यांना तेव्हाच काही दिसेनासं झालं होतं. आक्का माझ्याकडं येऊन रडली आणि म्हणाली, "बाळू, ह्यांना त्यो पक्षी दावून आण. मग काय व्हायचं ते हू दे."

गाडी युसूफभाईंची. पौडच्या बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि दाराशी एक जुनी डिझेल जीप. त्यांच्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, तरी हा माणूस तयार झाला. "मंगळवारी निका हाय. सोमवारी मी दारात पायजे, न्हाईतर माजी बहीण मला उभा चिरल," एवढीच अट. आम्ही आधीच्या आठवड्यातल्या शनिवारी निघणार होतो, म्हणजे हातात नऊ दिवस. त्यातल्या गुरुवार आणि शुक्रवार अशा दोन सकाळी माळढोकासाठी राखून ठेवल्या.

शनिवारी पहाटे निघालो. हिंजवडी, कासारसाई करत सोमाटण्याला मुंबई रस्त्याला लागलो. आज हिंजवडीत कंपन्यांच्या गाड्यांमधून वाट काढायला तास जातो. तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि आम्हाला फक्त एक बैलगाडी आडवी आली. आक्कानं भाकरी आणि लसणाची चटणी दिली होती, युसूफभाईंच्या घरून कोंबडीचं सुकं. मी घरचा आंबेमोहोर पायलीभर घेतला होता. परमुलखातला भात मला जात नाही, आणि तेव्हा तर मी फारच नखरेल होतो.

खंडाळ्याचा घाट उतरून ठाण्यावरून गुजरातचा रस्ता धरला. शनिवारचा मुक्काम सुरतेला धर्मशाळेत, रविवारी अहमदाबाद, विरमगाम करत पाटडीला. रस्ता बरा होता, धाब्यावर पाच रुपयांत पोटभर जेवण, वर ताक मागाल तेवढं. वाटेत दाजी पाटीवरची गावांची नावं मोठ्यानं वाचायचे. आधी मला मौज वाटली, मग कळलं की डोळे किती चालतात ते बघतायत.

सोमवारी सकाळी कच्छच्या छोट्या रणात शिरलो. इथं रानगाढवांचं अभयारण्य आहे. नावावर जाऊ नका, जनावर देखणं असतं. बदामी अंग, पोट पांढरं, आणि धावायला लागलं की जीप मागं पडते. दहा-बारांचा कळप आमच्या पुढून गेला तेव्हा दाजी लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. रण म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट जमीन. झाड नाही, दगड नाही, चढ नाही की उतार नाही. पाटडीच्या चौकीदारानं बजावलं होतं की चाकोरी सोडू नका, जिथं आधीच्या गाड्यांची चाकं गेलीत तिथूनच जा.

पण चाकोरी मोठा वळसा घालून जात होती, आणि पलीकडं मिठागरांच्या झोपड्या समोर दिसत होत्या. आमच्याकडं मुळशीत भात कापून झालं की खाचरांतून सरळ गाड्या घालतात. दिवाळीनंतर जमीन वाळते, बांध फोडून ठेवलेले असतात, मग वळसा घालून कोण जातो? मी खाली उतरलो, खाचरात बघतात तशी टाच रोवून जमीन बघितली. टाच जरासुद्धा आत गेली नाही. वर भेगा पडलेल्या, मिठाचा पांढरा पापुद्रा.

"पक्की हाय. घाला सरळ," मी म्हणालो.

दाजी म्हणाले, "आरं, चौकीदार काय म्हनला? चाकोरी सोडू नका. हितली जमीन आपल्याला ठावं न्हाई."

"दाजी, तुमी जंगल बघा. चिखल आमच्या हातातला हाय," मी म्हणालो आणि वर हसलो. हे वाक्य मला आजही ऐकू येतं आणि कानशील गरम होतं.

युसूफभाईंनी माझ्या भरवशावर स्टिअरिंग फिरवलं. दोनशे पावलं गेलो असू. पापुद्रा फुटला आणि खाली काळा, खारा, चिकट राडा निघाला. जीप आसापर्यंत बसली. आमच्या खाचराला खाली तळ असतो, ह्या जमिनीला तळच नव्हता. मी जेवढं जास्त डोकं चालवलं तेवढी जीप आणखी खाली गेली. शेवटी युसूफभाई म्हणाले, "बाळू, आता तू जरा गप बस." इतक्या वर्षांच्या ओळखीत ते मला इतकंच टाकून बोलले.

मीठ पिकवणाऱ्या एका कुटुंबानं आम्हाला ठेवून घेतलं. प्यायचं पाणी त्यांच्याकडं टँकरनं यायचं, तरी त्यांनी आम्हाला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. मंगळवारी तिसऱ्या प्रहरी कुठून तरी ट्रॅक्टर आला, चाकांखाली फळ्या घातल्या आणि जीप निघाली. पण खारं पाणी कुठंकुठं शिरलं होतं कोण जाणे. ब्रेक कुरकुरायला लागले आणि क्लच घसरायला लागला. एक दिवस गेला, म्हणजे राखलेल्या दोन सकाळींपैकी एक गेली. दाजींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "एक हाय की अजून. एक लई झाली."

बुधवारी राधनपूर, थराद, सांचोर करत बाडमेर. ह्या टप्प्यात डिझेल मिळेल तिथं टाकी भरून घ्या, हा सल्ला तेव्हाही लागू होता आणि आजही असावा. मला ह्या रस्त्याचं फारसं काही आठवत नाही. मी मागं बसून क्लचचा आवाज ऐकत होतो. गुरुवारी दुपारी जैसलमेर गाठलं. किल्ला पिवळाधमक, खालून बघितला, वर गेलो नाही. कचेरीतून परवानगी घेतली. दाजींनी खात्याचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा तिथल्या साहेबांनी उठून हात मिळवला, आणि दाजी वाटभर त्याच आनंदात होते.

सम गावच्या रस्त्यावरून आत सुदासरीच्या चौकीला पोचलो तेव्हा ऊन उतरून दिवेलागण होत आली होती. तिथला गार्ड वयस्क, डोक्याला मोठा लाल फेटा. दाजींना बघून म्हणाला, "अभी तो बखत निकल गया साब. सवेरे धूप चढ़ते ही घास में आता है, एकदम पास." दाजी त्याला काही समजावायच्या आत तोच थबकला आणि बोट दाखवलं. "वो देखो. आपकी किस्मत."

गवतात माळढोक उभा होता. शंभर-सव्वाशे पावलांवर.

मी दाजींच्या हातात दुर्बीण दिली, खांदे धरून त्यांना त्या दिशेला वळवलं. "दाजी, समोर. त्या खेजडीच्या डाव्या अंगाला."

"कुटली खेजडी?" दाजी म्हणाले.

त्या माळावर तेवढं एकच झाड होतं.

मी त्यांची हनुवटी धरून मान फिरवली. युसूफभाई कुजबुजत सांगत होते, मान वर केली, चालतोय, थांबला. दाजी दुर्बीण कधी डोळ्याला लावत, कधी काढून नुसते बघत. मग पक्षी गवतात गेला. दाजींनी दुर्बीण केसमध्ये घातली, तिचं बटण नीट लावलं आणि म्हणाले, "तुमाला दिसला ना? मग झालं."

चौकीतच मुक्काम केला. बाजरीची भाकरी आणि सांगरीच्या शेंगांची भाजी होती, झणझणीत. जेवताना युसूफभाईंनी विचारलं, "बाळू, क्लचचा भरवसा न्हाई. आस्तं जावं लागंल. पाचाला निघू या का?" आणि विचारून ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या मनात होतं की म्हणावं, नऊला निघू, दाजींना एक सकाळ द्या, फक्त चार तास. पण रणात गाडी घालायला लावली मी, क्लच बिघडला माझ्यामुळं, आता त्यांच्या भाचीच्या लग्नाशीही मीच खेळू? मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेच्या जोडीला थकवाही होता. मला घरी जायचं होतं.

"व्हय, पाचाला निघू," मी म्हणालो.

दाजी लगेच म्हणाले, "निघू की. लग्नघर हाय त्यांचं." आणि उरलेली भाकरी संपवली.

शुक्रवारी पाचाला अंधारातच निघालो. उजाडलं तेव्हा उद्यान मागं राहिलं होतं. ऊन वर आलं तसं दाजी ताडपत्रीचा पडदा वर करून बाहेर बघायला लागले. दोन्ही बाजूंना तसंच गवत होतं. दिवसा त्यांना समोरचं अजून चांगलं दिसायचं. एकदा त्यांनी "थांबा, थांबा" म्हणून जीप थांबवली. उतरून बघितलं, तर रुईचं झुडूप होतं. ते स्वतःच हसले आणि परत येऊन बसले. त्यानंतर पडदा त्यांनी खाली सोडला.

क्लचनं काही त्रास दिला नाही. राधनपूर, सुरत असे मुक्काम करत रविवारी संध्याकाळी आम्ही पौडला पोचलो. सोमवार सगळा हातात होता. युसूफभाईंच्या बहिणीला त्यांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांना बिर्याणीसाठी लाकडं फोडायला लावलं. मंगळवारी निका छान झाला. आम्ही तिघं एका ओळीत बसून जेवलो आणि तिथंच मी दाजींना म्हणालो की पुढच्या थंडीत परत जाऊ, तुम्ही आणि मी, रेल्वेनं.

पुढच्या थंडीत मी विहीर खणायला काढली. त्याच्या पुढच्या थंडीत माझं लग्न झालं. दाजींनी आठवण केली नाही, आणि ते आठवण करत नाहीत हे मला सोयीचं वाटत गेलं. चौथ्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा त्यांना दिवसाही फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

बऱ्याच वर्षांनी युसूफभाईंच्या दुकानात बसलो असताना मी त्यांना चौकीतल्या त्या रात्रीचं सगळं बोलून दाखवलं. त्यांनी खिळे मोजायचे थांबवले. म्हणाले, "आरं, मी तुला इचारलं कशापायी? तू थांबा म्हनशील म्हनूनच. मला सवताहून बोलवंना, दाजींना वाटलं आसतं मी उपकार करतुया." दुकानातून मी तसाच उठून आक्काकडं गेलो. दाजी पडवीत बसले होते. म्हटलं, दाजी, त्या दिवशी मी तुमच्यासाठी एक सकाळ मागायला हवी होती, मागितली नाही.

दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. तू बघितला हुतास नव्हं? मग सांग की, कसा हुता?"

मी सांगायला तोंड उघडलं. उंच होता, मान पांढरी होती, एवढं सांगून अडलो. पुढचं काहीच आठवेना. चालायचा कसा, डोळा कसला, पंखाचा रंग काय. मी एक क्षणभर पक्षी बघितला होता आणि उरलेला सगळा वेळ दाजींचं तोंड बघत होतो, त्यांना दिसतंय का म्हणून. ते तोंड मला अजून जसंच्या तसं आठवतं. पण ते त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, "दाजी, मला आठवत न्हाई." आजवर मी त्यांच्याशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

दाजी आता नाहीत. युसूफभाईही नाहीत. माळढोकही आता मोजकेच उरलेत म्हणतात. ज्यांना जायचंय त्यांनी जानेवारीत जा, गरम कपडे घ्या, रणात चाकोरी सोडू नका. आणि तुमच्या गाडीत कुणी असा असेल, ज्याच्यासाठी हा सगळा प्रवास काढलाय, तर त्याला थांबायचं का म्हणून विचारू नका. तो नको म्हणेल. गाडीची किल्ली काढून खिशात टाका आणि सकाळपर्यंत झोपा.