कापलेले श्वास

रेडिओ केंद्रात आमची नाटकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या दोस्ताला आम्ही कानसेन म्हणायचो. टेप ब्लेडने कापून तो माझा खोकला काढी, वाक्याआधीचा श्वास मात्र ठेवी. "अभिनयही सुधार की," मी म्हणे. "एवढं धारदार ब्लेड मिळत नाही," तो म्हणे. त्याची बायको माझी नायिका. ती वारल्यावर तिचं नाटक ऐकायला आम्ही केंद्रात गेलो. जुन्या टेपा आता कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या.

"काका, सगळी खरखर मशीननेच काढलीय," इंजिनियर बाई कौतुकाने म्हणाली.

कानसेनने थोडं ऐकलं आणि हेडफोन उतरवले. "श्वासही काढलेत. मूळ टेप द्या."

"ती भंगारात गेली, काका."

जिन्यात मी म्हणालो, "वहिनींचा आवाज तरी राहिला."

"तिचे संवाद मला पाठ आहेत रे. मी श्वास ऐकायला आलो होतो."