तांदळाच्या परातीतला उजवा हात

बधिर हातांची माणसं रोज एका बाकावर बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचं बाक गंगापूर रोडवरच्या फिजिओथेरपी सेंटरमधलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही बातम्या अजून हातानेच लिहायचो. वर्षानुवर्षं कागद खरडून माझ्या मनगटातली नस दबली. डॉक्टर म्हणाले, "कार्पल टनेल." ऑपरेशन झालं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच. पेन हातातून गळालं, हे ते खाली आपटल्यावर कळायचं!

संपादकांनी लगेच माझं महापालिकेचं बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांचं काम, काढून घेतलं. "हात बरा होईपर्यंत वाढदिवस आणि पुण्यतिथ्या बघा."

"त्या काय पायाने लिहायच्या?"

त्यांनी वाढदिवसांची यादी माझ्यापुढे सरकवली. बीट मात्र त्यांच्या भाच्याला!

*

वैशाली मॅडम आमच्या फिजिओथेरपिस्ट. बोटांना पुन्हा स्पर्श शिकवायचा म्हणून डोळे मिटून तांदळाच्या परातीत हात घालायचा आणि लपवलेल्या वस्तू चाचपून ओळखायच्या. पहिल्या दिवशी मी किल्लीला बटण म्हणालो, बटणाला नाणं आणि नाण्याला खडू.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या.

"शाब्बास कसलं? सगळं चुकलं!"

"पण हातात काहीतरी आहे, एवढं तरी कळलं ना?"

*

बाकावर पंचवटीतले एक गुरुजी होते. त्यांचा हात परातीत गेला, डोळे मिटले आणि ओठ पुटपुटायला लागले. मॅडमनी वाकून विचारलं, "गुरुजी, काय लागलं हाताला?"

गुरुजींनी मूठभर तांदूळ थेट त्यांच्या डोक्यावर टाकले! "सौभाग्यवती भव!"

"अहो, आधी लग्न तर ठरू द्या माझं!"

*

शांताबाई मखमलाबादच्या. घरच्या मळ्यातल्या फुलांचे गजरे करून विकायच्या. त्या डोळे मिटायलाच तयार नव्हत्या.

"डोळं मिटून तांदूळ कोन निवडतं? सासूनं घरात ठिवलं असतं का?"

मॅडम परत येऊन बघतात तर किल्ली, बटण सगळं परातीतच आणि टेबलावर खड्यांची ढिगुली! वर शांताबाईच चिडलेल्या: "मॅडम, दुकानदारानं लय फसवलं तुमाला!"

*

मनगटाला पट्टा बांधून मी एका पुण्यतिथीला गेलो. तिथे एक नगरसेवक भेटले. त्यांच्याविरुद्ध मी बरंच लिहिलं होतं. मोठ्या आशेने त्यांनी विचारलं, "कुणी मारलं हो?"

"अजून कुणी नाही. तुमची पुढची बातमी लिहायची राहिलीय!"

*

अखेर मॅडम म्हणाल्या, हात बरा झाला. संपादकांचा विश्वास बसेना. भाचा रुळला होता ना! ते स्वतःच सेंटरवर आले. "माझ्यासमोर परीक्षा घ्या."

मॅडमनी माझे डोळे बांधले. किल्ली, बटण, नाणं, सगळं बरोबर.

"ह्या वस्तू त्यांना पाठ झाल्यात," संपादक म्हणाले.

मग परात बाजूला सरकल्याचा आवाज आला. माझ्या तळव्यावर काहीतरी गुपचूप ठेवलं गेलं. मी अंगठ्याने आणि दोन बोटांनी सावकाश चाचपलं.

"हात आहे."

"कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"पत्रकाराचा नक्कीच नाही. मधल्या बोटाला पेनचा घट्टाच नाही!"

"मग?"

"नुसत्या सह्या करणाऱ्याचा."

शांताबाई फिस्सकन हसल्या. तो हात झटकन मागे गेला.

मग संपादकांचा आवाज आला, "सोमवारी महापालिकेची महासभा आहे. वेळेवर जा."