देवाचे दोन तुकडे

दोन वर्षं मी देवाकडं एकच मागत होते, माझा आवाज परत दे. दिला नाही. देव ऐकतो की नाही, इथपर्यंत माझी मजल गेली होती. सत्तरीनंतर आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला. नांदेडच्या डॉक्टरनं घसा तपासला आणि वयामुळं आहे, औषध नाही म्हणाला. ज्येष्ठमध चघळून झालं. फोनवर लोक मला काका म्हणू लागले. लग्नाकार्यात मी बोलले तर बायका दोनदा विचारत, तिसऱ्यांदा नुसती मान डोलवत आणि दुसरीकडं बघत. मग मी बोलणंच सोडलं. भजनालाही जाईना.

ते सगळं सोसलं. गोदाचं सोसवेना. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही दोघी भिंतीला भिंत लावून नांदलो. भजनात शेजारी बसायचो. माझा आवाज मोठा, पण दम तोकडा. पांडुरंग म्हणताना मधेच श्वास घ्यायची. "देवाचे दोन तुकडे करू नको," म्हणून गोदा कोपर मारायची. भूकंपात तिचं घर तिच्यावर पडलं. माणसं दगड उपसत होती आणि मी दुपारपर्यंत तिला हाका मारत होते. तुझ्या आवाजाला धरून मी राहिले, असं ती पुढं सांगायची.

नंतर मी मुलाकडं नांदेडला आले. ती लातूरला गेली, तिच्या मुलानं तिथं शिकवणीच्या क्लासला येणाऱ्या मुलींसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. काचबिंदूनं तिची नजर गेली आणि आमचं नातं फोनवर राहिलं. आवाज फाटल्यावर एकदा फोन केला तर म्हणाली, "कोन बाप्या हाय? म्हातारीला फसवतूस व्हय?" आणि ठेवला. वर्षभर मी पुन्हा केला नाही. पण रोज तिची आठवण यायची.

शेवटी यंदा चैत्रात एसटीनं लातूरला गेले. गोदाच्या सुनेनं तिला सांगितलं, तुमची मैत्रीण आलीय. गोदानं माझा हात चाचपला आणि सोडून दिला. मी गावाच्या चार खुणा सांगितल्या.

"ते समद्या गावाला ठावं हाय. तिच्या आवाजावर मी जित्ती हाय. मला कळंना व्हय?"

मी सकाळच्या गाडीनं परत जायचं ठरवलं.

दिवेलागणीला सुनेनं देवाजवळ दिवा लावला. गोदानं टाळ घेतले आणि नाम सुरू केलं. तिच्यासाठी नाही, जन्माची सवय म्हणून मीही हळू म्हणू लागले. पांडु म्हटलं आणि दम संपला. रंग पुढच्या श्वासात आलं.

टाळ थांबले.

"पुन्हा म्हन."

म्हटलं. पुन्हा तुटलं. तिनं कोपर मारलं, नेमकं बरगडीत.

"मसनात जायची येळ झाली, तरी दोन तुकडेच. आवाज कुठं घालवलास गं?"

"म्हातारी झाले."

"मग आधी सांगायचं न्हाई?"

एवढं बोलून तिनं माझा हात धरला, तो जेवायला वाढेपर्यंत सोडला नाही.

मी चौथी शिकलेली. हे कुणी घडवलं ते मला मांडता येत नाही. मी माझ्यातलं चांगलं परत मागत होते. त्यानं माझी खोड तेवढी जपून ठेवली होती. आता मी मागत नाही. काय न्यायचं, काय ठेवायचं, ते त्याच्याकडं. त्याचे उपकार मानते.

रोज संध्याकाळी लातूरला फोन लावते. हॅलो म्हणत नाही. पांडुरंग म्हणते, मधे श्वास घेऊन. पलीकडून गोदा शिव्या द्यायला लागते.