घंटी आक्का आणि वाणाची द्राक्षं

वाटेवर चिटपाखरू नसलं की घंटी आक्काची घंटी जास्त वाजायची. गावात, माणसांच्या गर्दीत ती सायकल हातात धरून मुकाट चालायची. शेवटची घरं मागे पडून मुरमाची वाट डोंगराकडे वळली की टांग टाकायची आणि घंटी सुरू. मी पहिल्यांदा तिच्या मागून निघाले तेव्हा मला वाटलं समोरून कोणी येत असेल. घाईनं सायकल बाजूला घेतली आणि तरोट्याच्या झुडपात जाऊन पडले.

"कोन यायलंय?" मी उठता उठता विचारलं.

"कोनी न्हाई."

"मग घंटी कुनाला?"

"सशाला, तित्तराला, लांबड्याला. त्यांचं घर हाय हे. दार न वाजवता कुनाच्या घरात शिरावं का?"

लांबडं म्हणजे साप. वाटेवर ती त्याचं नाव घेत नसे.

आमचं गाव बोरीपासून आत, जिंतूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. गावातून दोन रस्ते निघतात. एक डांबराचा. त्याच्या तोंडाशी हॉटेल आणि पानटपरी, आणि तिथं दिवसभर बसलेली माणसं. दुसरी मुरमाची वाट. ती सीताफळीच्या झाडांमधून डोंगर चढते आणि मधल्या ओढ्यात एवढे मोठे धोंडे आहेत की मोटरसायकलवाला एकदा येतो, पुन्हा येत नाही. मला डांबराचा रस्ता नको असायचा. कोणी नुसतं बघितलं तरी माझ्या पायात पाय अडकायचा. लग्न होऊन आल्यापासून मी घर, आड आणि घरामागचं शेत एवढंच फिरले होते. शेतातसुद्धा घरांच्या मागून जायचे.

आक्का आमच्या शेजारची. लहानपणापासून शेरडांमागं फिरल्यामुळे तिला डोंगराची प्रत्येक पायवाट माहीत होती. नवऱ्याची शेरडं विकली गेल्यावर तिनं मुलीची शाळेची सायकल काढली आणि डोंगरापलीकडच्या नव्या द्राक्षबागेत कामाला जाऊ लागली. एके दिवशी ती आमच्या अंगणात आली. माझी नणंद सासरी गेल्यापासून तिची सायकल कुडाला टेकून उभी होती. त्यावर कोंबडी बसायची.

"ही कुनाची वाट बघायलीय?" आक्का म्हणाली.

"मला येत न्हाई सायकल."

"मी कोंबडीला इचारलं," ती म्हणाली आणि कोंबडी हुसकली.

तिनं मला मुरमावरच शिकवलं. मुरमावर चाक घसरतं, म्हणून मी हँडल घट्ट आवळायचे आणि जितकं आवळायचे तितकी पडायचे. आक्का मागं धरून चालायची आणि बोलत राहायची. "आवळू नकोस. म्हशीचं दावं हाय का ते? सैल धर. ती हलंल, हलू दे. तू तिच्यावर नुसती बसून ऱ्हा." उताराला पुढचा ब्रेक दाबू नये, मागचा हळूहळू दाबावा, मुरमावर चाकात हवा जरा कमीच ठेवावी, हेही तिनंच सांगितलं. पण चढाला ती अजिबात जोर लावायची नाही. सरळ उतरायची. मी एकदा दात-ओठ खाऊन चढ चढायला गेले तर म्हणाली, "उतर की. एवढा येळ तिनं आपल्याला आनलं, आता थोडं आपन तिला नेऊ." मग बागेत जाणाऱ्या आम्ही सगळ्या बायका सायकली ढकलत चढायचो. त्या चढावर जेवढं हसलो तेवढं मी माहेरीही हसले नव्हते.

बाग डोंगराच्या उतारावर होती. मालक नाशिककडचा. काड्या तारेला बांधायच्या, दाट झालेली पानं काढायची, असं काम. घरी सासऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. गळ्यात माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला दिसत नाही. आक्कानंच त्यांना सांगितलं, "वाणाची द्राक्षं हायेत आबा. तिथला मुकादम मला बोलला."

आबा खूश झाले. संक्रांतीला बायका वाण देतात, त्यात कोणी कंगवे देतं, कोणी वाटी देतं. आता वाणात द्राक्षंही निघाली असतील, असं त्यांना वाटलं. "चांगलं हाय. पुण्याचं काम हाय," म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं.

मग संक्रांत आली आणि गेली. घड अजून हिरवेच. आबांनी विचारलं, "सुनबाई, वाणाची द्राक्षं तुटली का न्हाई?" मी खाली मान घातली. आक्का दारात होती. "वाण रथसप्तमीपर्यंत चालतंय की आबा," ती म्हणाली. रथसप्तमीही झाली. घड तेव्हा कुठे काळे पडू लागले होते. त्या दिवशी आबांनी माझ्या सायकलीकडे दोनदा बघितलं.

शेवटी तोडणीला टेम्पो आले. ते पलीकडच्या गावाकडून डांबरानं यायचे, त्यातला एक वाट चुकून आमच्या गावात थांबला. आबांनी ड्रायव्हरला विचारलं, माल कुठं जायलाय. तो म्हणाला, वाईनच्या कारखान्यात. वाईन म्हणजे काय, तेही त्यानं नीट समजावून सांगितलं.

आबा घरी आले आणि शांतपणे म्हणाले, "दारूच्या बागंत आमच्या घरची सून जानार न्हाई." माझ्या नवऱ्यानं मान हलवली. सायकल पुन्हा कुडाला लागली. मी चुलीपाशी बसले. मला वाटलं होतं, घरात बसायची मला सवयच आहे. पण सकाळ झाली आणि कुडापलीकडून बायका सायकली घेऊन गेल्याचा आवाज आला तेव्हा हातातलं पीठ हातातच राहिलं. मला पुन्हा बाहेर पडायचं होतं.

आक्का त्या दिवशी बायकांबरोबर गेली नाही. ती आबांच्या समोर येऊन बसली.

"आबा, बाग बघितली का?"

"बघायची काय गरज?"

"डोळ्यानं बघा अन मग खुशाल बंद करा. मी एक शब्द बोलनार न्हाई."

"माझा गुडघा डोंगर चढत न्हाई."

"माझ्या मागं बसा."

"बाईच्या मागं सायकलीवर बसू? गाव काय म्हनंल?"

"त्या वाटंनं गाव जात न्हाई. ससे बघतील. ते काय पारावर येऊन सांगायलेत?"

आबा शेताला निघाल्यासारखे काठी टेकत गावाबाहेर गेले. सीताफळीच्या आड गेल्यावर आक्काच्या कॅरियरवर बसले. मला आक्कानं डोळ्यानं खुणावलं, तशी मीही सायकल घेऊन मागं निघाले. आबांनी धोतर आवरून दोन्ही पाय एका बाजूला घेतले होते आणि डोळे मिटले होते. चढ आला की आक्का म्हणायची, "उतरा आबा," आणि आबा उतरायचे आणि काठी टेकत हळूहळू चालायचे. उताराला ते मोठ्यानं विठ्ठलाचं नाव घेऊ लागले. पण ओढा ओलांडला आणि वाट सपाट झाली, तसे त्यांनी डोळे उघडले. दोन्हीकडे पळस फुलला होता. थोड्या वेळानं मला त्यांचा आवाज आला, "अगं, जरा दमानं. बघू दे."

बागेत आबा ओळींमधून फिरले. बारके, काळे, गच्च घड. त्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. जाड साल, आत बिया. "हे कोन खातं?"

"खात न्हाईत. त्याची ती करतात," आक्का म्हणाली.

"दारू."

"व्हय. पन आबा, आपली ज्वारी बाजारात जाती. तिची भाकरच करा म्हनून आपन कुनाला सांगायला जातो का?"

बायका जेवायला बसल्या होत्या, त्यांनी आबांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. ते तिथंच मुरमावर बसून जेवले. मग हात धुऊन म्हणाले, "काम सोवळं हाय. करा. पन एक घड घरात आनायचा न्हाई." हे बोलताना त्यांच्या तोंडात आणखी एक मणी होता.

गावात लोकांनी विचारलंच. आबा खोटं बोलत नाहीत. ते म्हणायचे, "येगळ्या वाणाची द्राक्षं हायेत ती." त्यात काय खोटं होतं?

मी एकदा चढावर आक्काला विचारलं, "मुकादम खरंच वाण म्हनला व्हता का?" ती सायकल ढकलत म्हणाली, "मला जसं ऐकू आलं तसं मी सांगितलं. आता म्हाताऱ्या कानाला किती जिम्मेदारी द्यायची?"

मागच्या वर्षी आक्काचा मुलगा तिला जिंतूरला घेऊन गेला. तिचा नवरा आता फार थकला होता आणि दवाखाना जवळ हवा होता. जाताना ती रडली नाही, मीच रडले. तिनं सायकल नेली नाही. म्हणाली, "तिथं नुसता रस्ता हाय, वाट न्हाई."

दिवाळी झाल्यावर तिला भेटावंसं वाटलं. डोंगराच्या वाटेनं जिंतूरला जाता येत नाही. मी सकाळी चटणीचा डबा हँडलला अडकवला आणि डांबरानं निघाले. पानटपरीपाशी सगळे बघत होते. मी हँडल सैल धरलं. ट्रक गेला की अंगावर वारा यायचा, मी पांढऱ्या पट्टीच्या आत राहिले. नवरा मोटरसायकलवर सोडतो म्हणाला होता, मी नको म्हणाले.

आक्का दारातच भाजी निवडत होती. मला बघून उठली. कशी आहेस, कशी आलीस, काही विचारलं नाही. आधी खाली वाकून तिनं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं.

"एवढ्या कमी हवंवर आलीस? पाय भरून आले असतील."

"मुरमाला एवढीच लागती ना. तुमीच सांगितलं व्हतं."

"मुरमाला," ती म्हणाली. मग शेजारच्या घरातून पंप मागून आणला, चहा टाकायच्या आधी दोन्ही चाकं दगडासारखी टणक होईपर्यंत हवा भरली, आणि धापा टाकत म्हणाली, "आता हलकी जाईल. येत जा."